छायाप्रकाशाचे साधक

[आज छायाचित्र काढणे ही सोपी गोष्ट झाली आहे. कळ दाबली की चित्र उमटते. परंतु जे छायाचित्र अनेक वर्षांनंतरही पाहणाऱ्याला खिळवून ठेवते, त्याच्यामागे छायाचित्रकाराची पूर्वतयारी आणि धीर ही उभी असतात. हिवाळ्यातील पर्वतांची छायाचित्रे काढणारे ॲन्सेल ॲडम्स आणि त्यांच्याच प्रदेशात संगीताच्या जलशांची छायाचित्रे काढणारे दोन कलावंत यांची ओळख या पाठात करून दिली आहे.]

१९०६ सालच्या एप्रिल महिन्याची १८ तारीख होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को हे शहर पहाटेच्या गाढ झोपेत होते. एकाएकी धरणी थरथरू लागली. इमारती कोसळल्या, जागोजागी आगी लागल्या आणि शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. शहराच्या कडेला, समुद्रकिनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांमध्ये असलेल्या एका घरात ॲन्सेल ॲडम्स नावाचा चार वर्षांचा मुलगा राहत होता. पहिल्या धक्क्यातून तो सहीसलामत बचावला. पण काही तासांनी तो बागेत असताना जमीन पुन्हा हादरली, तो बागेच्या भिंतीवर आदळला आणि त्याचे नाक मोडले. मुलगा मोठा आणि समंजस झाला म्हणजे ते सरळ करून घ्यावे, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. ॲडम्स पुढे विनोदाने सांगत, की समंजसपणा आपल्याला कधी आलाच नाही. म्हणून नाकही वाकडेच राहिले!

ॲन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी झाला. तो फार चळवळ्या मुलगा होता. वर्गात एका जागी बसणे त्याला जमत नसे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, असे बरेच फेरे झाले; परंतु कोठेच त्याचे मन रमले नाही. अखेर चार्ल्स ॲडम्स या त्याच्या वडिलांनी त्याला शाळेतून काढून घरीच शिकवण्याचे ठरवले. १९१५ साली शहरात एक मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. वडिलांनी त्याचा वर्षभराचा परवाना ॲन्सेलच्या हाती दिला. रोज प्रदर्शनात जावे, यंत्रे पाहावी, चित्रे पाहावी, संगीत ऐकावे आणि जे पाहिले त्यावर विचार करावा, हाच त्याचा त्या वर्षीचा अभ्यास होता. आपला मुलगा निर्बुद्ध नाही, त्याची वाट निराळी आहे, हे त्या पित्याने ओळखले होते.

त्याच सुमारास ॲन्सेल आपण होऊन पियानो वाजवण्यास शिकला. जो मुलगा वर्गात घटकाभर स्थिर बसत नव्हता, तो पियानोपुढे तासन्‌तास बसू लागला. पुढे त्याला चांगले शिक्षक लाभले. एकही स्वर अस्पष्ट वाजता कामा नये, असा त्यांचा कटाक्ष होता. या शिस्तीने ॲन्सेलच्या चंचल मनाला वळण लावले. आपण मोठे पियानोवादक व्हायचे, असा निश्चय त्याने केला.

परंतु १९१६ सालच्या उन्हाळ्यात एक लहानशी घटना घडली. ॲन्सेल आईवडिलांबरोबर योसेमिटी या दरीत गेला. सिएरा नेवाडा पर्वतातील ही दरी हिमनद्यांनी कोरलेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंस ग्रॅनाइट दगडाचे प्रचंड कडे सरळ उभे आहेत आणि त्यांवरून धबधबे कोसळतात. तेथे आईवडिलांनी त्याला एक साधा पेटीवजा कॅमेरा दिला. एका सकाळी हाफ डोम या शिखराचे चित्र घेण्यासाठी तो झाडाच्या एका जुनाट बुंध्यावर चढला. बुंधा कुजलेला होता. तो ढासळला आणि ॲन्सेल डोके खाली, पाय वर अशा स्थितीत पडला. पडता पडता कॅमेऱ्याची कळ दाबली गेली. चित्र उमटले, ते उलटे! त्यानंतर मात्र योसेमिटीने त्याची पाठ सोडली नाही. वर्षामागून वर्षे तो तेथे जात राहिला. काही उन्हाळे त्याने सिएरा क्लब या गिर्यारोहकांच्या संस्थेच्या विश्रामगृहाची देखभाल करण्यात घालवले. शहरात पियानो आणि पर्वतात कॅमेरा, असा त्याचा दुहेरी क्रम सुरू झाला.

आता १० एप्रिल १९२७ या दिवसाकडे वळू. ॲडम्स त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते. हाफ डोमचा एक कडा तासल्यासारखा सरळ आहे. दरीच्या तळापासून हे शिखर सुमारे ४,८०० फूट उंच आहे. त्या कड्याचे दर्शन जेथून समोरासमोर घडते, अशा एका सुळक्याकडे ते भावी पत्नी व्हर्जिनिया आणि काही मित्र यांच्यासह निघाले. वाटेत बर्फ होते, चढण खडी होती. पाठीवर जड कॅमेरा, तो उभा करण्याची तीन पायांची घोडी, भिंगे आणि बारा प्लेटा होत्या. त्या काळी रासायनिक लेप दिलेल्या काचेच्या प्लेटेवर छायाचित्र घेत असत. एका प्लेटेवर एकच चित्र उमटे. वाटेत ॲडम्स यांनी अनेक चित्रे घेऊन पाहिली. काही बिघडली, काही साधली. ते त्या सुळक्यावर पोचले तेव्हा अवघ्या दोन प्लेटा उरल्या होत्या.

कडा अजून सावलीत होता. ॲडम्स थांबले. दुपार कलू लागली, तसा सूर्यप्रकाश हळूहळू दगडावर सरकू लागला. त्यांनी भिंगापुढे पिवळी काच लावली आणि एक चित्र घेतले. नेहमीच्या रीतीने पाहता त्यात काही चूक नव्हती. परंतु प्लेट मिटताना त्यांच्या मनात विचार आला, की समोरचा कडा आपल्याला जसा भव्य आणि गंभीर भासतो आहे, तसा तो या चित्रात दिसणार नाही. आकाश फिकट येईल आणि दगडाचे सारे तेज हरपेल. आता एकच प्लेट उरली होती. त्यांनी पिवळी काच काढून गडद लाल काच लावली. लाल काच निळा प्रकाश अडवते. म्हणून तिच्यातून घेतलेल्या चित्रात निळे आकाश जवळजवळ काळे उमटते आणि बर्फाचा पांढरेपणा त्यापुढे अधिकच उठून दिसतो. लाल काचेमुळे प्रकाश फार कमी आत शिरतो. त्यामुळे कॅमेऱ्याचे द्वार तब्बल पाच सेकंद उघडे ठेवावे लागले. त्या रात्री प्लेट धुऊन पाहिली, तेव्हा मनात जे पाहिले होते, तेच काचेवर उतरले होते.

या प्रसंगापासून ॲडम्स यांना आपल्या कलेचे मर्म सापडले. चित्र प्रथम मनात पुरते दिसले पाहिजे. मग कॅमेऱ्याला हात लावावा. पुढे आयुष्यभर ते हेच शिकवीत राहिले.

तरीही पियानो की कॅमेरा, हा प्रश्न सुटला नव्हता. १९३० साली न्यू मेक्सिको प्रांतातील ताओस या गावी पॉल स्ट्रँड या छायाचित्रकाराशी त्यांची भेट झाली. स्ट्रँड यांच्याजवळ त्या वेळी चित्रांच्या छापील प्रती नव्हत्या, फक्त निगेटिव्ह होत्या. त्या उजेडासमोर धरून पाहताना ॲडम्स यांची तहानभूक हरपली. छायाचित्र हीदेखील संगीताइतकीच थोर कला होऊ शकते, याबद्दल त्यांची खात्री पटली. घरी आईला व मावशीला हा निर्णय रुचला नाही. कॅमेऱ्यासारख्या यंत्रातून मनुष्याच्या आत्म्याचे दर्शन कसे घडणार, असे त्यांना वाटे. कॅमेऱ्यातून नाही, तरी छायाचित्रकाराकडून ते घडू शकेल, असे ॲडम्स यांचे म्हणणे होते. बारा-पंधरा वर्षांची पियानोची साधना बाजूला ठेवणे सोपे नव्हते. परंतु ती वाया मात्र गेली नाही. निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहून ठेवलेली स्वरलिपी आणि कागदावर उतरवलेली प्रत म्हणजे तिचे वादन, अशी उपमा ते देत असत. स्वरलिपी एकच असली तरी वादन दर वेळी नव्याने रंगते. त्याप्रमाणे ते एकाच निगेटिव्हची प्रत अंधाऱ्या खोलीत पुनःपुन्हा करीत, कोठे उजळपणा वाढवीत, कोठे छाया गडद करीत.

हिवाळ्यातील पर्वताचे चित्र घेणे इतके अवघड का असावे? याचे कारण समजण्याजोगे आहे. प्रकाश मोजणारे यंत्र स्वतः विचार करीत नाही. समोरचे दृश्य सर्वसाधारण, म्हणजे मध्यम करड्या रंगाचे आहे, असे ते धरून चालते. दोरीवर वाळत घातलेले शुभ्र धोतर त्याच्यासमोर धरा, किंवा गोठ्यातील काळी म्हैस उभी करा. यंत्राच्या हिशेबाने दोन्ही करडीच. म्हणून यंत्रावर विसंबून बर्फाचे चित्र घेतले, तर शुभ्र हिम राखेसारखे मळकट उमटते. अशा वेळी प्रकाश थोडा अधिक आत घ्यावा लागतो. पण तो फार झाला, तर बर्फावरील नाजूक वळ्या आणि कण नाहीसे होऊन कोरा कागद तेवढा शिल्लक राहतो. या दोन चुकांमधील वाट फार अरुंद असते. ॲडम्स यांनी १९४० सालच्या सुमारास फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर एक पद्धत बसवली. गडद काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत त्यांनी अकरा पायऱ्या कल्पिल्या आणि दृश्यातील कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवायची, हे चित्र घेण्यापूर्वीच ठरवण्याचा मार्ग दाखवला. जणू ती छायाप्रकाशाची स्वरसप्तकेच होती.

या अभ्यासाचा कस एका सायंकाळी लागला. १९४१ साली न्यू मेक्सिकोतून मोटारीने जात असता हर्नांडेझ नावाच्या खेड्यापाशी ॲडम्स यांना एक विलक्षण दृश्य दिसले. दूर बर्फाच्छादित डोंगर, त्यांवर नुकताच वर आलेला चंद्र आणि खाली दफनभूमीतील पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकत होते. मोटार थांबवून त्यांनी घाईघाईने कॅमेरा उभा केला. पण प्रकाश मोजण्याचे यंत्र काही केल्या सापडेना! ऊन तर क्षणाक्षणाला ओसरत होते. तेव्हा चंद्राच्या तेजाचा आकडा त्यांना आठवला. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्यांनी एक चित्र घेतले. दुसरे घेण्यासाठी प्लेट उलटवली, तोच क्रूसांवरील ऊन गेले. एकच चित्र मिळाले, पण ते जगप्रसिद्ध झाले. चित्राची तारीख लिहून ठेवण्याची सवय ॲडम्स यांना नव्हती. पुढे खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी चित्रातील चंद्राच्या स्थानावरून गणित करून तो दिवस १ नोव्हेंबर १९४१ हा असल्याचे दाखवून दिले.

प्रत्येक वेळी मात्र घाई करून भागत नाही. कधी कधी नुसते थांबावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच हजारो नागरिकांना छावण्यांत डांबून ठेवले होते. त्यांपैकी मान्झनार येथील छावणीतील लोकांचे जीवन चित्रित करण्यासाठी ॲडम्स त्या भागात जात असत. जवळच लोन पाइन हे गाव आहे आणि त्याच्या पश्चिमेस माउंट व्हिट्नी या १४,५०५ फूट उंचीच्या शिखराची रांग उभी आहे. सूर्योदयाच्या वेळी वरची हिमशिखरे उजळतात, तेव्हा खालच्या टेकड्या अजून काळोखातच असतात. हे दृश्य टिपावे, अशी ॲडम्स यांची इच्छा होती.

१९४४ सालच्या हिवाळ्यात ते पत्नीसह उजाडण्यापूर्वीच तेथे जाऊन थांबले. थंडी बोचरी होती. शिखरे ढगांत बुडालेली होती. ऊन वर आले, पण चित्र मिळाले नाही. दुसऱ्या पहाटे तेच झाले. तिसऱ्या आणि चौथ्या पहाटेही पदरी निराशाच पडली. पाचव्या दिवशी पहाट निरभ्र उगवली. मोटारीच्या टपावर बसवलेल्या फळीवर कॅमेरा ठेवून ॲडम्स डोळ्यांत तेल घालून पाहत राहिले. शिखरे गुलाबी उजेडाने उजळली. खाली दवाने गोठलेल्या कुरणात एक घोडा चरत होता; पण तो असा पाठमोरा उभा होता, की दुरून झाडाचा खुंटच भासावा. उन्हाचा एक झोत त्या कुरणाकडे सरकत येत होता. तो आला की चित्र घ्यावयाचे. आणि घोडा तर हलेना! अगदी अखेरच्या क्षणी घोडा वळला, त्याची आकृती बाजूने स्पष्ट दिसली आणि ॲडम्स यांनी कळ दाबली. मिनिटभरात सारा परिसर उन्हाने भरून गेला व ते दृश्य नाहीसे झाले. पाच पहाटांचे जागरण एका क्षणासाठी होते.

पर्वत निदान जागचा हलत नाही. पण ज्याचे चित्र घ्यावयाचे तोच नाचत, उड्या मारत असेल आणि दिवेही घडोघडी बदलत असतील, तर? रॉक संगीताच्या जलशांची छायाचित्रे काढणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो. रॉक हे गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत उदयास आलेले जोमदार संगीत आहे. विजेच्या साहाय्याने नाद वाढवणारी गिटार, ढोलांचा घणघणाट आणि हजारो श्रोत्यांचा कल्लोळ यांनी मैदान दणाणून जाते. रंगमंचाभोवती काळोख असतो आणि गायकाच्या मुखावर तेवढा प्रखर झोत पडतो. येथे यंत्राची फसगत बर्फाच्या उलट दिशेने होते. काळोख पाहून ते अधिक प्रकाश मागते. तो दिला, तर गायकाचे मुख पांढरे फटक पडते. म्हणून हिमशिखरावर प्रकाश वाढवावा लागतो, तर रंगमंचावर तो आवरावा लागतो. पुष्कळ मोठ्या जलशांत छायाचित्रकाराला पहिल्या तीन गाण्यांपुरतेच रंगमंचाजवळ उभे राहू देतात व स्वतःचा दिवा लखलखवण्याची मनाई असते. तेवढ्या वेळात जे साधेल ते साधेल.

या क्षेत्रात जिम मार्शल (१९३६–२०१०) यांचे नाव आदराने घेतले जाते. शिकागोत जन्मलेले मार्शल ॲडम्स यांच्याच सॅन फ्रान्सिस्को शहरात लहानाचे मोठे झाले. छोटा कॅमेरा ते सदैव जवळ बाळगीत. कलावंतांमध्ये मोकळेपणाने वावरता येणार नसेल, तर ते कामच पत्करीत नसत. कलावंतांचा विश्वास हेच त्यांचे मोठे भांडवल होते. २९ ऑगस्ट १९६६ रोजी बीटल्स या इंग्लंडच्या विख्यात चौकडीचा तिकीट लावून झालेला अखेरचा जलसा सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर पार पडला, तेव्हा रंगमंचामागे त्यांच्या निकट राहून मार्शल यांनी छायाचित्रे घेतली. त्यांच्या निधनानंतर, २०१४ साली, संगीतक्षेत्रातील मानाच्या ग्रॅमी पारितोषिकांच्या संस्थेने त्यांना विशेष सन्मान दिला. एका छायाचित्रकाराचा संगीताच्या संस्थेने केलेला हा गौरव होता.

ॲडम्स यांनी उतारवयात ज्या कारमेल गावाजवळ घर बांधले, तेथून थोड्याच मैलांवर मॉन्टेरे हे शहर आहे. जून १९६७ मध्ये तेथे एक मोठा संगीतमहोत्सव भरला. एड कॅरेफ नावाचा सतरा वर्षांचा विद्यार्थी कॅमेरा घेऊन तेथे गेला होता. जिमी हेंड्रिक्स नावाचा गिटारवादक शेवटच्या दिवशी वाजवणार होता. एडने त्याचे नाव फारसे ऐकले नव्हते. परंतु त्याच्यासाठी थोडी फिल्म राखून ठेव, असे एका अनुभवी जर्मन छायाचित्रकाराने त्याला सांगितले आणि एडने ते ऐकले. १८ जूनच्या रात्री रंगमंचाच्या अगदी कडेला एका खुर्चीवर तो उभा राहिला. वादनाच्या शेवटी हेंड्रिक्सने गुडघे टेकले आणि आपली गिटार पेटवून दिली! वाद्याला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या आपल्या रसिकांना हे कृत्य रुचणार नाही. पण ज्वाळांची धग तोंडावर येत असता, कॅमेऱ्याचीच ढाल करून त्या मुलाने एकामागून एक चार छायाचित्रे घेतली. त्यांतील एक रॉक संगीताच्या इतिहासातील अतिशय प्रसिद्ध चित्र ठरले. फिल्म राखून ठेवली नसती, तर त्या क्षणी हातातील कॅमेरा निरुपयोगी झाला असता.

ॲडम्स यांनी आपल्या कलेचा उपयोग केवळ डोळ्यांचे पारणे फेडण्यासाठी केला नाही. सिएरा नेवाडातील किंग्ज कॅन्यन हा रम्य प्रदेश सुरक्षित राहावा, यासाठी १९३६ साली ते आपली छायाचित्रे घेऊन राजधानी वॉशिंग्टनला गेले व तेथील लोकप्रतिनिधींना भेटले. १९३८ साली त्या पर्वतप्रदेशावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोचले. १९४० साली किंग्ज कॅन्यन हे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. ज्यांनी तो प्रदेश कधी पाहिला नव्हता, त्यांनाही तो वाचवावासा वाटला, हे या छायाचित्रांचे सामर्थ्य होय. १९८० साली त्यांना अमेरिकेतील सर्वोच्च नागरी पदक मिळाले. २२ एप्रिल १९८४ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. योसेमिटीच्या परिसरातील एका शिखराला आज त्यांचे नाव आहे.

काचेच्या प्लेटा गेल्या, फिल्मही मागे पडली. आज एका दिवसात शेकडो छायाचित्रे घेता येतात आणि नको ती पुसून टाकता येतात. तरी बर्फ अजूनही यंत्राला फसवते, काळोखातील झोतही फसवतो आणि कुरणातला घोडा आजही आपल्या मर्जीनेच वळतो. तो वळेल तेव्हा आपण तेथे जागे असणे, एवढेच छायाचित्रकाराच्या हाती असते. आणि त्यासाठीच ॲडम्स पाच पहाटे थंडीत उभे राहिले.

शब्दार्थ

बेचिराख होणे – जळून, मोडून पूर्ण नष्ट होणे.
कटाक्ष – (येथे अर्थ) आग्रह.
हिमनदी – पर्वतावरून अतिशय सावकाश सरकणारा बर्फाचा प्रवाह.
जलसा – संगीताचा जाहीर कार्यक्रम.
निगेटिव्ह – ज्यात उजळ भाग काळा व काळा भाग उजळ दिसतो, असे मूळ छायाचित्र.
स्वरलिपी – वाजवण्याचे वा गाण्याचे स्वर लिहून दाखवण्याची रीत.
मर्म – मुख्य रहस्य, गाभा.
कल्लोळ – मोठा गलबला.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ॲन्सेलचे नाक कशामुळे मोडले?
(आ) वडिलांनी १९१५ साली ॲन्सेलला कोणता परवाना दिला?
(इ) हाफ डोमच्या चित्रासाठी ॲडम्स यांनी शेवटी कोणत्या रंगाची काच वापरली?
(ई) एड कॅरेफला कोणता सल्ला मिळाला होता?

२. कारणे द्या.
(अ) यंत्रावर विसंबून घेतलेल्या चित्रात बर्फ मळकट दिसते.
(आ) हर्नांडेझ येथे ॲडम्स यांना दुसरे चित्र घेता आले नाही.
(इ) जलशात गायकाचे मुख कधी कधी पांढरे फटक येते.

३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लोन पाइन येथील पाच पहाटांचे वर्णन आपल्या शब्दांत करा.
(आ) पियानोच्या शिक्षणाचा ॲडम्स यांना छायाचित्रणात कसा उपयोग झाला?
(इ) पर्वताचे चित्र घेणारा आणि जलशाचे चित्र घेणारा यांच्या अडचणींत साम्य कोणते व भेद कोणता?

४. विचार करा व वर्गात चर्चा करा.
लोन पाइन येथील शाळेच्या मुलांनी टेकडीवर गावाच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे पांढऱ्या रंगात मोठ्या आकाराने काढली होती. ॲडम्स यांनी आपल्या छायाचित्रातून ती नाहीशी केली. असे करणे तुम्हांला योग्य वाटते का? दोन्ही बाजू मांडा.

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
तहानभूक हरपणे, पदरी निराशा पडणे, डोळ्यांत तेल घालून पाहणे, डोळ्यांचे पारणे फेडणे, कस लागणे.

६. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा.
छायाप्रकाश, आईवडील, हिमशिखर, सूर्योदय, दफनभूमी.

७. उपक्रम
आपल्या घरासमोरील एखादे झाड किंवा देऊळ निवडा. सलग पाच दिवस सकाळी, दुपारी व सायंकाळी त्यावर पडणारा प्रकाश पाहा. कोणत्या वेळी ते सर्वांत सुंदर दिसते व का, याची टिपणे वहीत लिहा.